टेकाडाच्या वीस विटा

मोबाईल ठेवा खाली, पोट्टेहो. ही गोष्ट अश्वजितची हाये, माझ्या दोस्ताची. त्यानंच मले सांगितली, अन् सांगतानी एकदाही मान वर केली नाही.

त्याले घरामागं संडास बांधाचा होता. भट्टीची वीट महाग, अन् गावामागच्या टेकाडात दीड-दीड हात लांब विटा फुकट पडलेल्या. जुन्या म्हणजे किती? फोडली तं आत धानाचा कोंडा दिसे, दोन हजार वर्षांमागचा! चिखलात कोंडा कालवून कोणीतरी हातानं थापलेली. यानं वीस आणल्या अन् संडासाचा पाया भरला.

मंग त्याची भाची आली, हर्षा. नागपूरले इतिहास शिकते. पाया पाहून म्हणे, "मामा, हे तं टेकाडातल्या जुन्या विहाराची वीट. भिक्खू राहत होते तिथं. तुमी याचा संडास केला?"

अश्वजित दर रविवारी गावातल्या विहारात वंदना घेते. लाजेनं मेला बिचारा. पण चारचौघांत कबूल कराची हिंमत झाली नाही. बायकोले म्हणला पाया खचला, अन् संडास पाडला. मनात म्हणे, विटा गुपचूप परत नेऊन टाकतो, कोणाले कायले कळते?

दोन हजार पंचवीसची अकरा डिसेंबर, गुरुवार. रात्रीचे पावणेबारा. विटा धुऊन ठेल्यावर लादल्या. टॉर्च बंद. टेकाडाशी पोचला. पहिली वीट उचलली, ठेवाले वाकला...

ठेवाच नाही लागली.

अंधारातून दोन हात आले. वीट घेतली.

दुसरी दिली... घेतली. तिसरी... हात ओले. चिखलाचे. त्यांच्यापुढं अजून हात. त्यांच्याहीपुढं... वरपर्यंत. कोणी बोलत नाही. कोणी पाहत नाही.

"शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं," मले म्हणे.

विसावी गेली. हा पळाला.

सकाळी गावातल्या विहारासमोर ही गर्दी! वीसच्या वीस विटा पायरीशी रचलेल्या. सगळ्यात वरच्या विटेत पंजा उमटलेला, रात्री धुतानी नव्हता तो. खोल. गावातले गडी एकेक करून हात लावून पाहून राहिले होते, हसून राहिले होते. कोणाचाच बसेना. अश्वजित मागं उभा. हात खिशात.

"ये ना बे, तू पण लाव," गर्दीतला संघपाल म्हणला.

त्यानं हात काढला... ठेवला.

रेघ न् रेघ बसली.

कोणी हसलं नाही. मंग त्यानं सारं सांगितलं, बायापोरांसमोर, रडत.

ती वीट अजून विहारात हाये. पक्की भाजलेली. मी स्वतः त्या पंजात खिळा ठोकून पाहिला.

खिळा वाकला.