रॅम्पवरच्या खोट्या पायऱ्या

चाकांच्या खुर्च्या वाटणारे साहेब, तुम्ही 'मुलीला खुर्ची चालवता येत नाही' असा शेरा मारून मोकळे झालात. कार्यालयातल्या गुळगुळीत फरशीवर खुर्ची फिरवलीत, ती फिरली, संपलं तुमचं काम. सोमवारी ती काढून न्यायला माणूसही पाठवणार होतात.

खुर्ची सांगोल्याच्या शर्वाणी कोळेकरची, स्वतः वाट ओळखून चालणारी. शाळेच्या रॅम्पवर (चाकांसाठीच्या चढावर) मात्र ती मधूनच अडायची. मग बाबा सहावीतल्या शर्वाणीला सगळ्यांदेखत उचलून वर न्यायचे. खुर्ची गेली असती तर हे रोजचंच झालं असतं.

तिची हेमलता आत्या अशा खुर्च्यांचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गटाची प्रमुख. तिने धीर वगैरे दिला नाही, प्रश्न विचारले. कधी अडते? कधी नाही? शर्वाणीने आठवून सांगितलं, सकाळी अडते, ढगाळ असलं की अडत नाही.

आत्या म्हणाली, "मग बग (प्रोग्रॅममधली चूक) हाती लागला. जी चूक हवी तेव्हा पुन्हा घडवता येते, तीच दुरुस्त झाली की नाही ते कळतं."

सकाळी रॅम्पवर कठड्याच्या गजांची पट्टेदार सावली पडत होती. खुर्चीला त्या पायऱ्या वाटत होत्या.

गटातले दोघं एकदमच कामाला लागले. आत्याने एकाला थांबवलं, कारण एकाच जागी दोघांनी हात घातला की एकाचं काम दुसरा पुसतो. काम दोघांपैकी निखतकडे गेलं. पट्टे दिसले तर सोडून दे, असं तिने खुर्चीला शिकवलं. संगणकावरच्या चित्रातली खुर्ची सावलीवरून झरझर गेली. शर्वाणीला वाटलं, झालं.

पण दुसऱ्याने तपासल्याशिवाय तिथे कुणाचीच दुरुस्ती पुढे जात नाही. तपासायला बसलेले डिसोझा काका म्हणाले, "निखत, आता खरा जिना दाखव तिला."

खुर्ची थेट जिन्यावरून कोसळली.

शर्वाणीचा चेहरा उतरला. "अगं, चित्रातली पडली, तू नाहीस," निखत म्हणाली आणि पुन्हा कामाला बसली. चूक दाखवली म्हणून ती रुसली नाही. तिने नवा नियम लिहिला: पट्टा दिसला की आधी खोली मोज. सावलीला खोली नसते. आता सावलीवर खुर्ची चालली, जिन्यापाशी थांबली. मग जुन्या सगळ्या चाचण्याही पुन्हा घेतल्या.

सोमवारी शर्वाणी दुरुस्त झालेल्या खुर्चीतून एकटी वर गेली. तुमचा माणूस रॅम्पच्या पायथ्याशी उभा राहून बघत होता.

दुरुस्ती आधी मोजक्या खुर्च्यांना पाठवली, त्या नीट चालल्यावर सगळ्यांना. तुमच्या गोदामात पडलेल्या खुर्च्याही आता दुरुस्त झाल्यात. तुम्ही असाच शेरा मारून ज्यांच्या काढून घेतल्यात, ती मुलं मात्र अजून कुणाच्या तरी कडेवर शाळेत जातायत.

कधी परत देताय? तारीख सांगा.