त्र्याऐंशीचा कप

"वर्षाली, हा वर्ल्ड कप आहे की पाण्याचा तांब्या?"

"तुले दिसत नाही का? कपच हाय तो!"

"मग शेजारी पेला पण काढ. तहानलेले लोक पिऊन जातील!"

वर्षालीने ब्रश उगारला आणि जुईली खिदळत पळाली. बडनेऱ्याच्या क्रीडा मंडळाचा हॉल उन्हाने तापला होता. कूलर नुसताच घरघरत होता, पण काम जोरात चाललं होतं. उद्या संध्याकाळी इथे प्रदर्शन भरायचं होतं. नाव होतं 'साल १९८३'.

कल्पना कमलाकांत आजोबांची. ते मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त वकील आणि जुईलीचे सख्खे आजोबा. जुईली पुण्याहून त्यांच्याकडे सुट्टीला आली होती. सुरुवातीला तिला वाटायचं, इथे सगळे आपल्यावर रागावलेत की काय! मग शेजारच्या अश्विन आणि वर्षाली या भावंडांशी गट्टी जमली आणि कळलं, इथली बोलायची पद्धतच रोखठोक आहे. मनात काही नसतं.

भिंतीवर एकेक फलक चढत होता. त्या वर्षी जूनमध्ये भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. त्या वर्षी कोल्हापूरच्या एका बाईंना वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं. त्या वर्षी एका भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाला ताऱ्यांच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालं. आणि त्याच वर्षी बडनेऱ्याच्या मुलींनी कबड्डीत मोठमोठे संघ लोळवून चांदीचा कप आणला!

"देशाला कप, आपल्यालाही कप!" आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत.

त्या मुलींची कप्तान होती संध्या, म्हणजे अश्विन-वर्षालीची मोठी आत्या. शेवटच्या सामन्यात तिचा पाय मोडला. सामना जिंकला, पण बक्षीस मिळालं तेव्हा ती दवाखान्यात होती. पाय बरा होईपर्यंत कप मंडळाच्या काचेच्या कपाटात कुलूपबंद झाला होता. मग लग्न होऊन ती तिवश्याला गेली. संघाच्या फोटोतसुद्धा ती नाही! उद्या तिचा सत्कार होणार होता आणि तो कप पहिल्यांदा तिच्या हातात द्यायचा होता.

"आत्या फोनवर काय म्हणे माहीत हाय?" अश्विन म्हणाला. "म्हणे, 'सत्कार नाही केला तरी चालते बाप्पा. कप तेवढा एकडाव हातात घेऊन पाहाचा हाय.'"

एवढ्यात बाजूच्या खोलीतून आजोबांची आरोळी आली. "डोमाजी! अहो डोमाजी! कप कुठाय?"

तिघंही धावली. हॉलचे रखवालदार डोमाजी आधीच दारात उभे होते. खोलीत एक लांबलचक टेबल होतं. टेबलावर लाल कापड होतं. कप मात्र नव्हता!

"परवा मी स्वतः चिंच लावून घासला, इथे ठेवला आणि वर हे कापड टाकलं!" आजोबांचा आवाज चढला. "खोलीची किल्ली तुमच्याकडे असते ना डोमाजी?"

"असते ना. पण काल हॉलमंदी लगन व्हतं साहेब. खोली दिवसभर उघडीच व्हती. अन् मी तुमाले म्हटलं व्हतं, कपाटात ठेवा."

"म्हणजे चोरी!" आजोबा मटकन खुर्चीत बसले. पण ते वकील होते, जास्त वेळ बसून राहणारे नव्हते. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा खुलला. "हरकत नाही. अमरावतीहून तसाच एक कप आणू. नाव कोरून घेऊ. एवढ्या वर्षांत तो जवळून कुणी पाहिलाय?"

"माह्या आत्यानं तं पाहिलाच नाही!" अश्विन म्हणाला.

"म्हणूनच तर तिला कळणार नाही," आजोबा म्हणाले आणि दुकानदाराला फोन लावत बाहेर गेले.

अश्विनची कानशिलं तापली. आत्याच्या हातात खोटा कप द्यायचा? आणि तिने तो खरा समजून छातीशी धरायचा?

"आजोबा चुकतायत," जुईली म्हणाली. आपल्याच आजोबांबद्दल असं बोलताना तिला वाईट वाटलं, पण ती बोलली. "आपण शोधू. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"पण चोर तं गेला ना पळून!"

"अगं वर्षाली, चोर येऊन हे ठेवून गेला का?"

लाल कापडाच्या मागे दोन नारळ ऐटीत बसले होते. एकाला काळ्या लोकरीची मिशी आणि कागदाचं बाशिंग. दुसऱ्याला नथ, कुंकू आणि हिरव्या चिंधीचा पदर.

"हे? मले वाटलं, तुमीच बनवलं प्रदर्शनासाठी," डोमाजी म्हणाले.

"त्र्याऐंशी साली नारळांचं लगन लागलं व्हतं का काका?" वर्षालीने विचारलं, आणि एवढ्या काळजीतही सगळ्यांना हसू फुटलं.

अश्विन मात्र टेबलाखाली वाकला होता. "इकडं पाहा! कडेले चिकटपट्टी हाय. झिरमिळ्याचे तुकडे हाय. अन् पायाले रांगोळी लागली! हे टेबल खोलीत नव्हतंच काल!"

"हाव रे पोट्ट्या!" डोमाजींनी कपाळावर हात मारला. "मंडपवाल्यांनी उचललं व्हतं ना! रुखवत मांडाले टेबल कमी पडलं त्याईले!"

"रुखवत म्हणजे नवरीबरोबर द्यायच्या वस्तू मांडतात ते?" जुईलीने विचारलं.

"तेच. लाडू, भांडे, बाहुल्या, नारळाचे नवरा-नवरी, सारं मांडतात. बाया पाहाले येतात. मंग वरपक्षाच्या बाया सारं गाठोड्यात बांधून घेऊन जातात."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. टेबल उचललं गेलं, कापडाखालच्या कपासकट! झगझगीत कप पाहून कुणीतरी कापड दूर केलं, कप मधोमध मांडला, आणि दाटीवाटीत नारळ मागे सरकले. निघताना कप गाठोड्यात आणि नारळ टेबलावर!

"नवरदेव कुठला होता?"

"अकोल्याचा. जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पलीकडं घर हाय. बांगड्याचं दुकान हाय त्याईचं."

"मग फोन करू!" वर्षाली म्हणाली.

"नको," जुईली म्हणाली. "काल लग्न झालंय. आज आपण फोनवर सांगायचं, तुमच्या सामानात आमचा कप आलाय? त्यांना वाटेल, चोर म्हणतायत. भांडण होईल आणि नवरीला ऐकून घ्यावं लागेल. समोर जाऊ. नारळ परत द्यायला जाऊ!"

"तू तं भल्लीच हुशार निघाली!" अश्विन म्हणाला. जुईलीला आता कळायचं, ही शाबासकी आहे.

घरी सांगून तिघं दुपारच्या गाडीत बसली. सोबत डोमाजी होते. "आळ माह्यावर आला अन् मी घरी बसू काय?" असं म्हणून ते पायात चपला घालून सगळ्यांच्या आधी स्टेशनवर हजर! नारळांची पिशवी वर्षालीने मांडीवरून खाली ठेवली नाही.

अकोल्याला उतरून मोर्णेचा पूल ओलांडला. गल्लीबोळांत विचारत विचारत बांगड्यांचं दुकान सापडलं. मागेच घर. दारात चपलांचा ढीग होता. डोमाजी बाहेर दुकानाशीच थांबले. आत नवी सून आणि तिचं रुखवत पाहायला गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. आणि सगळ्यांच्या मधोमध, पितळी भांड्यांच्या वर, तो कप! वरती प्लास्टिकचे गुलाब खोचलेले!

"पाहून घ्या बायांनो!" नवरदेवाची आई मैनाबाई ठसक्यात सांगत होत्या. "चांदीचा हाय! अशी वस्तू हाय का या गल्लीत कोणाच्या रुखवतात?"

"तो तं आम…" वर्षालीचं तोंड उघडलं. जुईलीने तिच्या पायावर पाय दिला. "आई गं!"

नवी सून गीतांजली कोपऱ्यात बसली होती. सगळ्या बायका कपाकडे पाहत होत्या आणि ती जमिनीकडे. जुईलीला लगेच समजलं. हिला माहीत आहे, कप हिचा नाही. पण सासू एवढी खुशीत असताना सांगायचं कसं?

जुईली पुढे झाली. "काकू, नवरा-नवरी हॉलमध्येच राहिले होते, ते पोचवायला आलो!" तिने नारळ पुढे केले आणि बायका हसून हसून लोटपोट झाल्या. गीतांजली चटकन उठली. "लेकरं उन्हातून आली. पन्हं देते त्यांना," म्हणत तिने तिघांना स्वयंपाकघरात नेलं.

"तो कप तुमचा आहे ना?" आत जाताच तिने विचारलं.

"हाव," अश्विन म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. मोडलेला पाय, काचेचं कपाट, आत्या नसलेला फोटो आणि अमरावतीहून येणारा खोटा कप.

गीतांजलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "रात्रीच सांगायला हवं होतं मी. पण पहिल्याच दिवशी…"

"काय सांगाले पाहिजे व्हतं?"

दारात मैनाबाई उभ्या होत्या! त्यांनी सगळं ऐकलं होतं. मैनाबाई तशाच बाहेर गेल्या, कप घेऊन आल्या, त्यातले गुलाब काढले आणि खिडकीशी धरून कोरलेली अक्षरं वाचली.

"त्र्याऐंशी," त्या म्हणाल्या. "त्या साली मी नववीत व्हती. शाळेत धावाले माह्यासारखं कोणी नव्हतं. उन्हाळ्यात लगन झालं अन् धावणं संपलं." मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. "मले काहून नाही सांगितलं पोरी? मी काय खाऊन टाकली असती तुले?"

"आम्ही कप घेऊन जाऊ का?" अश्विनने हळूच विचारलं.

"नाही!"

अश्विनचा चेहरा पडला.

"आता तुमी घेऊन निघाले तं गल्ली म्हणन, मैनीच्या घरून वस्तू परत नेली. मी येतो उद्या, सुनेले घेऊन. मीच देतो. अन् कोणाचं भांडं रिकामं परत करत नसतात, शिकवलं नाही का तुमाले कोणी?"

आणि त्याच पावली बाहेर जाऊन त्यांनी ठणकावून सांगितलं, "बायांनो, हा कप एका कप्तान बाईचा हाय. चुकून आपल्या घरी मुक्कामाले आला. उद्या मी त्याले पोचवाले चालली बडनेऱ्याले!"

बायका थक्क झाल्या. दोघी-तिघींनी तर कपाला हातसुद्धा जोडले!

बडनेऱ्याला परतल्यावर हे ऐकून आजोबा मात्र भडकले. "सापडलेला कप तिथेच ठेवून आलात? आणि त्या बाई आल्याच नाहीत तर?"

"येतील!" जुईली म्हणाली. तिची मान ताठ होती.

"येवोत. तोवर मी अमरावतीहून आणलेला कप टेबलावर राहील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉल गच्च भरला. जुने खेळाडू आले, रेल्वे कॉलनीतली पोरंटोरं आली. संध्याआत्या जांभळी साडी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. तिचे हात सारखे पदराशी चाळा करत होते. मैनाबाईंचा पत्ता नव्हता! वर्षाली दाराकडे पाहून पाहून दमली.

"आता आपल्या कप्तान संध्याताई तो ऐतिहासिक कप स्वीकारतील!" आजोबांनी घोषणा केली.

आत्या उठली. टाळ्या कडाडल्या. व्यासपीठावर लाल कापडाखाली नवाकोरा कप उभा होता. आत्याचा हात पुढे झाला आणि अश्विनला राहवेना.

"आत्या, थांब! हा तो कप नाही!"

सगळ्यांच्या माना वळल्या! आजोबांचा चेहरा कापडाइतकाच लाल झाला. आत्याने भाच्याकडे पाहिलं. "म्हणजे रे?"

"खरा कप येऊन राहिला. अकोल्याहून. पण उशीर झाला तरी मी तुले खोटा घेऊ देणार नाही!"

कुणी कुजबुजलं, कुणी हसलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "व्हा बाजूले, व्हा बाजूले! गाडी लेट झाली तं आमी काय करावं?"

मैनाबाई! मागोमाग गीतांजली आणि तिच्या हातात कप! काठोकाठ रव्याच्या लाडवांनी भरलेला, हळदीकुंकू लावलेला!

आजोबा दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी स्वतःच तो दुकानातला कप उचलून टेबलाखाली ठेवला आणि माईक हातात घेतला. "कप निष्काळजीपणाने मी ठेवला, आळ डोमाजींवर घेतला आणि वर कप्तानाला फसवायला निघालो. या तीन मुलांनी मला त्यातून वाचवलं. डोमाजी, माफ करा. मुलांनो, शाबास! त्र्याऐंशीचा मान आज तुम्ही राखलात."

टाळ्यांनी पत्रे दणाणले! वर्षालीने तर स्वतःसाठीच दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याला मात्र काही ऐकू येत नव्हतं. तिने कपाचे कान धरले. थोडा वेळ नुसतीच धरून उभी राहिली. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता. उचलायला गेली तर लाडवांनी तो जड झाला होता. ती मैनाबाईंकडे वळून हसली.

"एकटीले नाही उचलत बाई. तिकडून तुमी धरा ना."

"मी? मी काय जिंकली?" मैनाबाई मागे सरल्या.

"तुमीच आणला ना इथपर्यंत? धरा!"

मैनाबाईंनी पदर खोचला आणि दुसरा कान धरला. दोघींनी मिळून त्र्याऐंशीचा कप डोक्याच्याही वर उचलला. जुईलीने फोटो काढला. या फोटोत आत्या होती.