डावीकडून चौथा

ही गोष्ट खरी आहे. जिच्या बाबतीत घडली त्या दर्शनाला मी चौथीत शिकवलंय. गृहपाठ केला नसेल तर "केला नाही" असं सरळ सांगणारी मुलगी. आजही तशीच आहे.

गेल्या ऑक्टोबरातली दुपार. साधारण चारची वेळ. भांडुपला डोंगराच्या बाजूची एक जुनी चाळ दोन दिवसांनी पाडायची होती.

दर्शना वर्तमानपत्रासाठी फोटो काढते. चाळीत उरलेल्या सात जणांचा फोटो घ्यायला ती गेली होती. सगळी कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची घरं.

आधी तिने एका धोट्याचा फोटो काढला. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे धावतो तो लाकडी धोटा. हात लागून लागून गुळगुळीत झालेला. खाली मालकाचं नाव द्यावं लागतं, म्हणून तिने विचारलं.

"अनंताचो," त्याच्या शेजारच्या खोलीतल्या प्रेमाकाकी म्हणाल्या. "माझ्याकडे ठेवून तो गावाक गेलो. चार दिस झाले."

त्याच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली काकींकडेच.

मग जिन्यापाशी सगळ्यांचा फोटो. धोटा चाळीतल्याच निलेशने धरला. त्याच्या शेजारी काकी.

दर्शनाची एक सवय आहे. फोटो झाला तरी ती कुणाला हलू देत नाही. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावते आणि डावीकडून एकेकाला नाव सांगायला लावते. त्या दिवशी तिने आणखी एक विचारलं... आता राहायला कुठे जाणार?

निलेशने सांगितलं, मुलुंडला, सासऱ्यांकडे. "घरजावई झालास रे," असं कुणीतरी म्हटलं आणि सगळे हसले.

ऑफिसात येऊन तिने रेकॉर्डिंग ऐकलं.

सुशांत. दिशा. निलेश. मागे ते हसणं.

आणि मग...

"अनंत परब. हयच."

हयच. म्हणजे इथेच.

थकलेला आवाज. पण स्वच्छ. त्याच्यामागोमाग प्रेमाकाकींचा.

दर्शनाने मोजलं. नावं आठ. फोटोत माणसं सात.

निलेश आणि काकींच्या मध्ये थोडी जागा मोकळी होती... फोटो काढताना ती तिला दिसली नव्हती.

तिने काकींना फोन लावून ते ऐकवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा लावायला सांगितलं.

"फोटो काढताना माझ्या खांद्यार हात होतो गो," मग त्या म्हणाल्या. "माका वाटला, निलेशचो."

दर्शनाने फोटो मोठा करून पाहिला.

निलेशचे दोन्ही हात धोट्यावर होते.

काकींचा पदर मात्र खांद्यावर दबलेला... चार बोटांएवढा.

काकींनी लगेच गावी फोन केला. अनंता तिथे पोचलाच नव्हता. शेजाऱ्यांना घेऊन त्यांनी खोली उघडली. आत कुणी नव्हतं. दाराजवळ गावी न्यायची पिशवी भरून ठेवलेली. वर त्याचा चष्मा.

हे दर्शनाला कळलं तेव्हा कॅप्शन द्यायला दहा मिनिटं उरली होती. आठ नावं छापली तर कुणीतरी मोजेल. हा चौथा कुठे आहे, असं विचारेल. कदाचित पाडकाम थांबेल, त्याचा शोध होईल. पण फोटोत नसलेल्या माणसाचं नाव द्यायचं कसं? नोकरीचा प्रश्न होता.

तिने सातच नावं लिहिली.

काकींनी पोलिसांत तक्रार केली. म्हातारा माणूस आहे, येईल परत, असं त्यांना सांगण्यात आलं. चाळ ठरल्या दिवशी पडली. ढिगाऱ्यात काही सापडलं नाही.

अनंता अजून परतलेला नाही.

गेल्या महिन्यात त्याच जागेवर नव्या इमारतीचं भूमिपूजन झालं. फोटोसाठी दर्शनालाच पाठवलं. पाच पाहुणे, सगळे बाहेरचे. या वेळी तिने रेकॉर्डिंग लावलंच नाही. नावं स्वतः वहीत उतरवून घेतली, डावीकडून.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन माझ्याकडे आली.

वहीत सहा नावं होती.

चौथं... अनंत परब.

अक्षर तिचंच आहे. मी ते ती चौथीत असल्यापासून ओळखतो.

"सर, हे नाव मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

आणि दर्शना खोटं बोलत नाही.