बिननावाची बटणं

आत्याने साठी उलटल्यावर दुसरं लग्न केलं आणि घरातल्या निम्म्या माणसांनी तिच्याशी अबोला धरला, त्या वर्षीची ही गोष्ट. आत्याची नजर तोवर पार अधू झाली होती. फोनच तिला सगळं वाचून दाखवायचा. तिची भाची वेबसाइट बनवायची. नुकतंच तिच्याकडे शहरातल्या वाचनालयाचं काम आलं होतं.

एका दुपारी भाची ऑफिसात चहा ओतत होती, तेवढ्यात पांढरी काठी टेकत एक तरुण दारात आला.

"तपासणीची खोली हीच ना?"

"नाही, ही चहाची."

"मग बरोबर आलो!"

तिचीच साइट अंधांना वापरता येते का, ते तपासायला तो आला होता. त्याने स्क्रीन बंदच ठेवली. कॉम्प्युटर मोठ्याने वाचू लागला, "बटण... बटण... बटण..."

ती ओशाळली.

"सगळी बिननावाची," तो म्हणाला. "नावं द्या की त्यांना."

"नावं ठेवायला तुम्ही आहातच!"

तो इतका मोकळा हसला की तिच्या कपातला चहा हिंदकळला.

मग तो रोज येऊ लागला. एकदा तिने हट्टाने डोळे मिटले आणि माउसला हात न लावता आपलीच साइट चालवून पाहिली. एका चौकटीत अशी अडकली, की पुढे जाता येईना, मागे येता येईना.

"अहो, सोडवा ना!"

"मी रोज अडकतो. आज तुमची पाळी."

त्याने तिचं बोट अलगद कीबोर्डच्या नेमक्या बटणावर नेऊन ठेवलं. चौकट सुटली. ती मात्र... अडकली ती अडकलीच.

काम संपत आलं. उद्या त्याचा शेवटचा दिवस, आणि तो समोर आला की हिच्या तोंडून शब्द फुटेना. प्रत्येक फोटोमागे एक वर्णन असतं. डोळसांना ते दिसत नाही, ऐकून वाचणाऱ्यांनाच ऐकू येतं. तिने वाचनकक्षाच्या फोटोचं वर्णन पुसलं आणि तिथे लिहिलं, "तुम्ही यायचं थांबलात तर मला करमणार नाही. चहाच्या खोलीबाहेर भेटाल का?" सकाळी तो तपासेल, ऐकेल, की लगेच पुसायचं.

पण तिच्या ऑफिसातल्या साहेबांना कोण घाई! ती पोचायच्या आत त्यांनी साइट सगळ्यांसाठी खुली करून टाकली.

पहिला फोन आत्याचा. "अगं, वाचनालयाच्या फोटोतून कुणाला चहाला बोलावतेयस?"

"आत्या! तू ऐकलंस?"

"मीच काय, माझ्यासारख्या साऱ्या गावाने ऐकलं असणार. मुलगा कसा आहे ते सांग!"

तिची कानशिलं तापली. फोन ठेवून ती ओळ पुसायला बसली, तोच मागे काठी वाजली.

"साइटमध्ये चूक सापडलीय."

"माहितीये... पुसतेच आहे."

"अं हं, ती नव्हे. प्रश्न विचारलात, पण उत्तर द्यायला बटणच ठेवलं नाहीत."

ती त्याच्याकडे वळली. "ठेवलं असतं... तर तुम्ही त्याला नाव काय दिलं असतं?"

"हो," तो म्हणाला. "आणि ते एकच पुरे. दुसरं नकोच."

त्यांच्या लग्नात आत्या पहिल्या रांगेत बसली आणि अबोला धरलेल्या एकेकाला गाठून तिने हा किस्सा ऐकवला. ऐकता ऐकता हसून तेही तिच्याशी बोलू लागले. त्यानंतरच्या हिवाळ्यात आत्या गेली.