भरलेलं पिंप कलतं करू नये

पटलं तर वाचा, नाही तर सोडून द्या. पदरचं एक अक्षरही मी यात घातलेलं नाही. साठाव्या वर्षी लिहायला शिकलो. खोटं रचण्याइतका हात अजून बसलेला नाही.

साल २००९. नोव्हेंबरातला दुसरा रविवार, सकाळचे साडेदहा. जागा यॉर्कशायरच्या डोंगरातलं आमचं वेदरकोट गाव, आणि तिथला 'काळी मेंढी' पब.

पब हेस्टर चालवते. तिचा नवरा विल्फ तळघर सांभाळायचा. तो त्याच वर्षी मार्चमध्ये गेला.

आमची बिअर पिंपात जिवंत असते, आतल्या आत आंबत राहते. पिंप आडवं ठेवायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. गाळ खाली बसतो, वरची बिअर नितळ होते. शेवटचा तिसरा हिस्सा उरला, की मागून पाचर सरकवून पिंप हळूच पुढे कलतं करायचं. त्याआधी केलं, तर सगळा गाळ ढवळून निघतो. हे गावातलं कुत्रंही सांगेल.

सप्टेंबरपासून पिंपं आपोआप कलायला लागली...

भरलेली पिंपं.

हेस्टर तळघराला कुलूप लावून झोपायची. सकाळी पाचर आत सरकलेली असायची. पाइंटचा प्रत्येक पेला गढूळ. लोक येईनासे झाले.

"विल्फच आहे तो," आमचा मेंढपाळ सेथ म्हणाला. "मेल्यावर कामाला लागलाय. जिवंतपणी एवढी घाई कधी बघितली नाही त्याची."

"माझा नवरा भरलेलं पिंप कलतं करेल?" हेस्टर म्हणाली. "जन्मात नाही."

ती खरं बोलत होती. तो विल्फ नव्हता.

जे कोणी होतं, त्याला हे काम येत नव्हतं...

"सोमवारी मी पबच्या मालकांना किल्ल्या देऊन टाकते, एनॉक," हेस्टर मला म्हणाली. "ते पब मोडून राहायचं घर करणार आहेत. करू देत. तळघराच्या त्या जिन्याने आता मी उतरणार नाही."

"आणि आम्ही बसायचं कुठे? सेथच्या मेंढ्यांत?"

"मेंढ्यांना विचारावं लागेल," सेथ म्हणाला. "तुझा वास त्यांना चालायला हवा."

"रविवारी मी तळघरात बसतो," मी म्हणालो.

"म्हाताऱ्या, पडलास तर वर कोण ओढणार तुला?"

"चाळीस वर्षं खाणीत उतरलोय, हेस्टर. अंधार मला नवा नाही."

त्या रविवारी साडेदहाला मी स्टूल घेऊन उतरलो. चार पिंपं, एक दिवा. वर हेस्टर फरशी पुसत होती. बादली सरकल्याचा आवाज येत होता.

मग तो थांबला...

पिंपातली बिअर बारीक फसफसत असते. कान लावला तर ऐकू येते.

ती फसफसही थांबली...

कर्र...

तिसऱ्या पिंपामागची पाचर सरकली. बोटभर. थांबली. पुन्हा बोटभर.

हात दिसला नाही. पण पाचरीवरच्या ओल्या बुरशीत बोटांचे ठसे उमटत होते. मोठे नव्हते, लहानही नव्हते.

फक्त खूप होते.

माझी बोबडी वळायला हवी होती. मला राग आला.

"थांब," मी म्हणालो. "काम येत नाही, तर हात लावू नकोस."

पाचर थांबली.

"ते भरलेलं आहे. आधी ठोकून बघ, खालून वर. आत बिअर आहे तिथे बद्द आवाज येतो. रिकामं झालं तिथे पोकळ. पोकळ आवाज खालच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत आला, तेव्हाच पाचर सरकवायची. जमत असेल तर शीक. नाही तर चालता हो. बसायची जागा ही आमची आहे. मी उठणार नाही."



मग... ठक्.

पिंपाच्या तळाशी.

ठक्. जरा वर.

ठक्.

सगळीकडे बद्द. आणि पाचर मागे सरकली. पूर्ण.

वर बादली वाजली.

सोमवारी हेस्टरने किल्ल्या दिल्या नाहीत. पब अजून चालू आहे. बिअर नितळ असते, अगदी शेवटच्या पाइंटापर्यंत. पिंप वेळ आली की आपलं आपण कलतं. विल्फपेक्षाही हलक्या हाताने. हेस्टर त्याबद्दल बोलत नाही, आणि आम्ही विचारत नाही.

गेल्या गुरुवारची गोष्ट. दुपारी मी शेकोटीपाशी माझ्या जागेवर बसलो होतो. मागे नुसती भिंत.

कमरेपाशी, माझ्या पाठीवर...

ठक्.

जरा वर. ठक्.

मग खांद्यापाशी.

"हात काढ," मी म्हणालो. "कधी कलायचं, ते माझं मी बघीन."

"कुणावर खेकसतोयस?" सेथने विचारलं.

मी हेस्टरला आणखी एक पाइंट भरायला सांगितला.

आवाज बद्द आला की पोकळ, ते मी सेथला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. उद्या बारा वाजता पबचं दार उघडेल, आणि मी तिथेच, त्या भिंतीला पाठ लावून बसेन.