वगदीचं हिरवं कार्ड

"आज मी अंगठी परत करणार!" शहीरानं खासगी तपासनीस रिफअतच्या टेबलावर डबी आपटली. "होणाऱ्या नवऱ्यानं जुनं ग्राफिक्स कार्ड नवं म्हणून गळ्यात मारलं. खेळ रंगात आला की कॉम्प्युटर बंद!"

"असं कोण म्हणतं?"

"माझा भाऊ."

रिफअत मदतनीस बकरला घेऊन तिच्या शुब्रा वस्तीतल्या घरी गेला. बकर सोफ्यावर टेकला तर खाली प्लास्टिक करकरलं. टीव्हीचा रिमोटही पिशवीत बांधलेला. बाहेर खमसीनचा धुळकट वारा सुटला होता, पण कॉम्प्युटरच्या पेटीवरची जाळी लख्ख होती.

"मी ओरडून सांगत होतो, लाल खोक्यावाल्या कंपनीचं कार्ड घ्या," भाऊ हाझेम तावातावानं म्हणाला. "पण या दोघांना हिरव्या खोक्यावाल्या कंपनीचंच वेड!"

होणारा नवरा वगदी कोपऱ्यात बसला होता. "दुकानात तासभर चालवून दाखवलं ना! अजून काय करू?"

"अख्खा कॉम्प्युटर नेला होता?" रिफअतनं विचारलं.

"छे, फक्त कार्ड."

आई चहा घेऊन आली. "पोरीची वस्तू मी जिवापाड जपते हो. रोज फडक्यानं पुसते."

रिफअतनं हाझेमच्या कॉम्प्युटरमधलं लाल कार्ड काढून इथे बसवायला लावलं. खेळ सुरू झाला आणि थोड्याच वेळात पडदा काळा! हाझेमचं तोंड एवढंसं झालं.

"म्हणजे दोन्ही कार्डं बाद," बकर म्हणाला.

"अरे बाबा, दोन्ही चांगली!" रिफअत वैतागला. "हिरवं दुकानात चाललं, लाल इथे बंद पडलं. दोष पेटीत आहे. आणि फडक्यानं जाळीच्या भोकांतली धूळ निघते का? या वाऱ्यात ती लख्ख कशी?"

त्यानं जाळीच्या कडेला नख घालून पारदर्शक प्लास्टिक टरकन ओढलं. आतून गरम हवा आली.

"हवाच मिळेना, मग तापून बंद पडणारच. या घरात सगळंच गुंडाळलेलं, म्हणून कुणाला दिसलं नाही."

"अगं बाई!" आई म्हणाली. "धूळ जाऊ नये म्हणून मीच चिकटवलं."

शहीराचे डोळे भरले. "वगदी, चुकलं रे माझं."

"भाऊ म्हणाला आणि तुला पटलं. वगदी असं करणार नाही, असं एकदा तरी म्हणालीस?"

वगदीनं तिच्या हातातली अंगठीची डबी घेतली, खिशात टाकली आणि दाराशी गेला.

"कार्ड ठेव," तो म्हणाला. "ते चांगलं आहे."