बिनपेंढ्याचा गिलावा

'ग्रेगोरी दुत्चाक आणि त्यांचे चिरंजीव ओस्ताप यांनी कॅनडातल्या मॅनिटोबाच्या या उजाड माळावर हे घर स्वहस्ते उभारले...' दारावरची पितळी पाटी वाचता वाचता म्हाताऱ्या तेक्लाच्या काळजात कुणीतरी तापलेली सळई खुपसली! स्वहस्ते? कुणाच्या हस्ते?

बाबा पोटासाठी रेल्वेच्या कामावर गेलेले, आई पहिल्याच हिवाळ्यात मातीआड झालेली... तेव्हा खड्ड्यात अनवाणी उतरून, माती, लीद आणि पेंढा तुडवून या ओंडक्यांच्या भिंती लिंपल्या त्या तेक्लाने! धाकटा ओस्ताप तेवढा कवेत पेंढा घेऊन दुडदुडत यायचा. त्या आईवेगळ्या भावासाठी तिने लोहाराच्या मुलाचं मागणं परतवलं, सारं तारुण्य या घराच्या चुलीपुढे होमलं... आणि त्याची बायको युस्तिना घरात येताच म्हणाली, "आता तुमचं इथं काय काम, वन्सं?" ओस्ताप मान खाली घालून बसून राहिला. तेक्ला गाठोडं घेऊन विनिपेग शहरात गेली आणि तिथल्या धोबीखान्यात म्हातारी झाली.

आता गावाने हे घर पहिल्या वसाहतवाल्यांचा वारसा म्हणून जपायचं ठरवलं होतं. मातीचा गिलावा जाणणारं कुणी उरलं नव्हतं, म्हणून ओस्तापला बहीण आठवली! ती आली, पण मायेने नव्हे, सुडाने! मदतीला कुणालाही जवळ फिरकू न देता तिने अंगणातल्या खड्ड्यात माती तुडवली, लीद कालवली, भिंती नव्याने लिंपल्या, पण पेंढ्याची एक काडीही घातली नाही. पेंढा नसला की वाळताना माती तडकते आणि भिंत सोडते. वरून निळीचा चुना फासून ती शांतपणे वाट बघत बसली.

रविवारी प्रार्थना आटोपून सारं गाव अंगणात जमलं. काळ्या सुटातला ओस्ताप भाषणाला उभा राहिला. "बाबांनी आणि मी..." एवढं म्हणतो न म्हणतो तोच दाराशेजारचा भला मोठा पोपडा धाडकन त्याच्या पायाशी कोसळला!

"वन्सं! काय करून ठेवलंत हे?" युस्तिना किंचाळली. "चारचौघांत आमचं नाक कापलंत!"

"कापलंच! माझं नाव कापताना तुमचा हात थरथरला होता?"

ओस्तापने ढेकूळ उचललं, बोटांनी चुरडलं. पेंढा नव्हता... त्याला सगळं उमगलं. तो आता भडकेल म्हणून तेक्ला पदर खोचल्यासारखी सज्ज उभी राहिली. पण त्याचे डोळे भरून आले.

"मंडळी, माझ्या ताईचा हात मातीत कधीच चुकला नाही. चुकलो मी! घर हिने बांधलं. मी नुसता पेंढा आणून देत होतो."

"मोठ्यानं बोल! धोबीखान्यात माझे कान गेलेत."

"हे घर माझ्या ताईनं बांधलं!" तो ओरडला, आणि स्वतःच्या हाताने पाटी उपटून त्याने खाली टाकली. "ताई, मला माफ कर गं..."

"तोंडची माफी नको. बूट काढ."

"या कपड्यांत? अहो, लोक बघताहेत!" युस्तिना कळवळली.

"बघू देत की. काढ म्हणते ना, ओस्ताप!"

त्याने बूट काढले, विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो पांढऱ्या केसांचा माणूस सगळ्या गावासमोर चिखलाच्या खड्ड्यात उतरला. इतक्या वर्षांचा सूड! तो तेक्लाला गोड लागला, अगदी पोटभर गोड लागला... तेवढ्यात ओस्तापचा पाय घसरला, आणि लहानपणी धरायचा तसा त्याने आधारासाठी हात पुढे केला.

तिने तो हात धरला नाही. घरामागे दडवलेला पेंढ्याचा भारा ओढत आणला आणि त्याच्या पायांशी ओतला.

"टाचेनं तुडव, टाचेनं!" ती करवादली. "तेव्हाही मेल्या तू नुसता नाचायचास!"

आणि ओट्यावर बसून ती स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागली.